पाळलेला साप किती वर्षं जगतो, आणि त्यात आकाराचा वाटा किती

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अकरा वर्षांचा, वर्षभरापासून साप हवा म्हणून मागे लागलाय. घरात दोन नावांची चर्चा चालू आहे: कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक सडपातळ बिनविषारी साप, आणि बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक अजगर. ताईंचा हिशेब असा की लहान चणीचा साप घेतला तर तो आठ-दहा वर्षं जगेल, मुलगा कॉलेजला जाईपर्यंत सगळं आटोपेल. मोठा घेतला तर तो पुढची तीस वर्षं घरात ठाण मांडून बसेल. हा हिशेब बरोबर आहे का, आणि नीट सांभाळल्याने सापाच्या आयुष्यात खरंच किती फरक पडतो?

ताई, हिशेब चुकलाय, आणि तो साप घरी आणायच्या आधी चुकला हे बरं झालं. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली २२ वर्षं इंग्लंडात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतोय. माझ्याकडे येणाऱ्या सापांपैकी निम्म्याहून अधिक याच दोन जातींचे असतात. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी एक खरी घडलेली गोष्ट. १९६१ साली एका माणसाने आपल्याकडची बॉल पायथन मादी अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयाला दिली. २०२० च्या जुलैमध्ये त्या मादीने सात अंडी घातली. तेव्हा तिचं वय बासष्टच्या घरात असावं असा तिथल्या लोकांचा अंदाज होता, आणि गेली किमान पंधरा वर्षं ती एकाही नराजवळ नव्हती. नराशिवाय अंडी कशी, हा वेगळा विषय आहे. आपल्याला त्यातलं वय बघायचंय. बॉल पायथन ही चार-पाच फुटांची, दीड-दोन किलोची जात. अजगरांच्या खानदानातलं हे शेंडेफळच म्हणा. आता त्याच खानदानातले आणि त्यांच्या चुलत खानदानातले, म्हणजे बोआ-अ‍ॅनाकोंडांतले, आडदांड बघा. इलिनॉयमध्ये ‘बेबी’ नावाची बर्मीज पायथन मादी होती, वजन १८२ किलोंच्या वर, जगातल्या सर्वांत वजनदार सापांमध्ये तिची नोंद आहे. ती सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास गेली. जोहान्सबर्गच्या एका पार्कमधली ‘अ‍ॅनी’ ही हिरवी अ‍ॅनाकोंडा २०२१ मध्ये ३७ वर्षं ३१७ दिवसांची होती, तेव्हा गिनेसने तिची दखल घेतली. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षं जगून १९७७ मध्ये गेला. म्हणजे दोन किलोंचा साप साठी ओलांडतो आणि त्याच्या कितीतरी पट वजनाचे तीस-चाळिशीच्या आसपासच दिसतात.

याचा अर्थ आकाराचा काहीच संबंध नाही असा मात्र नाही. २०१५ साली सरडे-साप वर्गातल्या १०१४ प्रजातींची आयुष्यं एकत्र मांडून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरीने बघितलं तर मोठ्या अंगाच्या प्रजाती जास्त जगतात असंच दिसलं. पण त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट दिसली, आणि माझ्या मते पाळणाऱ्याने लक्षात ठेवायची तीच: ज्या प्रजाती उशिरा वयात येतात आणि कमी वेळा, कमी पिल्लं देतात त्यांचं आयुष्य लांबतं. बॉल पायथन नेमकी तशी आहे. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगो-बेनिनच्या भागात, ती उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहते. मादीला वयात यायला काही वर्षं लागतात, एका वेळी मोजकी पाच-सहा अंडी घालते, वेटोळं घालून ती उबवते, तेवढ्या काळात बहुधा काही खात नाही, आणि पुढची एक-दोन वर्षं पुन्हा त्या फंदात पडत नाही. अंग लहान असलं तरी चाल संथ. तिच्या दीर्घायुष्याचं मूळ या संथपणात आहे.

हीच गोष्ट एकाच जातीच्या आत बघितली की आणखी लख्ख दिसते. उत्तर कॅलिफोर्नियात ईगल लेक नावाचा तलाव आहे. तिथल्या गार्टर नावाच्या लहान सापांवर गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून शास्त्रज्ञ काम करतायत. अ‍ॅन ब्रॉनिकोव्स्की या जीवशास्त्रज्ञ बाईंनी तर आपली कारकीर्दच त्या सापांना दिली. जात एकच, पण वस्त्या दोन. तलावाच्या काठावरच्या सापांना माशांचा तोटा नाही. ते भराभर वाढतात, अंगाने मोठे होतात, लवकर वयात येतात, एका वेळी जास्त पिल्लं देतात. वरच्या कुरणांमधल्या सापांचं खाणं पावसापाण्यावर अवलंबून. ते हळू वाढतात, लहानच राहतात, उशिरा वयात येतात. काठावरच्यांचं आयुष्य सुमारे चार वर्षं आणि कुरणातल्यांचं सुमारे आठ. जो मोठा आणि भरभर वाढणारा, तोच अर्ध्या वाटेत संपतो. यातला काही भाग शिकाऱ्यांचा असतो, काठावर पक्ष्यांचा त्रास जास्त. पण या दोन वस्त्यांच्या शरीरातही फरक आढळलाय, कुरणातल्या सापांच्या पेशी स्वतःची डागडुजी जास्त चांगली करतात.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, ‘त्याला मोठा करायची तुम्हाला घाई आहे का?’ सापाची जात कोणती, लांबी किती, हे नंतर.

साप हा मुळात उपाशी राहायला घडलेला प्राणी आहे. त्याला अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, ऊब बाहेरून मिळते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास त्याचं भागतं. मोठ्या अजगरांच्या बाबतीत तर हे थक्क करणारं आहे. बर्मीज पायथनने भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय जवळपास ४० टक्क्यांनी जाड होतं, आतडं दुपटीपर्यंत वाढतं, यकृत फुगतं, चयापचय कित्येक पटींनी उसळतो. पचन संपलं की सगळं परत आक्रसून पूर्ववत. लग्नघरात चार दिवस चुली पेटतात आणि मग मांडव उतरवून घर शांत होतं, तसं. आता अशा प्राण्याला दर पाचव्या दिवशी उंदीर घालणारा मालक डोळ्यांसमोर आणा. तिथे मांडव कधी उतरतच नाही.

एक प्रसंग अजून तसाच्या तसा आठवतो. सात वर्षांची बोआ मादी, वजन नऊ किलो, मालक तिशीतला सज्जन मुलगा, सापावर जीव लावणारा. दोन आठवडे ती खात नव्हती आणि एका सकाळी पेटीत निपचित सापडली. त्याला कारण समजून घ्यायचं होतं म्हणून शवविच्छेदन केलं. पोटाची त्वचा उघडल्यावर आतडं दिसायलाच तयार नाही. फिकट पिवळ्या चरबीच्या गाद्या, एकाला एक चिकटलेल्या, मानेपासून तीन हात अंतरावर सुरू झालेल्या त्या थेट शेपटीच्या मुळापर्यंत. त्या बाजूला करून यकृत हातात घेतलं तर ते गडद तपकिरी असायच्या ऐवजी गव्हाळ पिवळं, बोटाने दाबलं की लोण्यासारखं फुटणारं. कातरीला तेल लागलं होतं. मुलाने विचारलं, ‘मी काय कमी केलं?’ त्याने कमी काहीच केलं नव्हतं. तीन वर्षं दर आठवड्याला एक मोठा उंदीर, कारण ती मागायची. साप मागतच असतो. रानात पुढचा घास कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून समोर आलेलं तो सहसा सोडत नाही. ती मागणी आणि गरज एकच समजणं, घरगुती सापांचं आयुष्य तोडणाऱ्या गोष्टींत मी हीच सर्वांत वर ठेवेन.

वजनाचा हा हव्यास आपल्याकडेही आहे, फक्त त्याचं रूप निराळं. महाराष्ट्रात मांडुळाची चोरटी विक्री चालते, आणि त्या धंद्यात जितकं वजन जास्त तितका भाव जास्त. गुप्तधन, लैंगिक ताकद, औषध, असल्या भ्रामक समजुतींपायी एका निरुपद्रवी, बिळात राहणाऱ्या, मुळात दीर्घायुषी सापाला पोत्यात कोंडून ठेवतात आणि दर दोन महिन्यांनी वन विभागाच्या कारवाईची बातमी येते. परदेशात बॉल पायथनच्या पैदास-धंद्यात हीच वृत्ती सभ्य कपड्यांत दिसते. मादी दीड किलोची झाली की अंडी घालू शकते, म्हणून तिला दीड वर्षात तिथवर नेण्यासाठी ठासून खाऊ घालायचं. मग दरवर्षी अंडी. एका विणीत मादीच्या वजनाचा मोठा हिस्सा निघून जातो. रानात ती मधे एखाद-दोन वर्षं अंग भरून काढते, इथे पुन्हा ठासणं. अशा माद्या आठव्या-दहाव्या वर्षी माझ्या टेबलावर येतात, अंडं अडकलेल्या, यकृत थकलेल्या. नर अंगाने लहान असतात, त्यांच्यावर हा भार नसतो. ‘मादी मोठी म्हणून जास्त टिकेल’ हा समज म्हणूनच घातक आहे. तुम्हाला पैदास करायची नाही, तर नर-मादीने आयुष्यात फारसा फरक पडू नये. घरगुती सापात निवड असेल तर मी नर सुचवेन.

मग खायला किती घालायचं? नेमका आकडा प्रत्येक सापागणिक बदलतो, पण अदमास देतो. कॉर्न स्नेकचं पिल्लू सहा-आठ ग्रॅमचं असतं, त्याला दर पाच-सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. वर्षभरात उंदराचा आकार हळूहळू वाढवायचा. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर पुरतो. बॉल पायथनच्या पिल्लाला आठवड्या-दहा दिवसांनी, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर तीन-चार आठवड्यांतून एकदा, त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासचा घूस-पिल्लाएवढा उंदीर. उंदीर गोठवलेला आणून, पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यायचा. जिवंत कधीच नाही. उंदराने पाठ कुरतडून मणके उघडे पाडलेले साप मी पाहिलेत, आणि उंदराचेही हाल असतात.

अंगाकडे बघायला शिका, तराजूपेक्षा ते लवकर सांगतं. साप वळल्यावर आतल्या बाजूला वळ्या पडत असतील, आरामात पसरलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसत असेल, शेपटी सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना फुगवटा आला असेल, तर साप लठ्ठ आहे. उलट कणा धारदार वर आला असेल आणि दोन्ही बाजू खपाटीला गेल्या असतील तर तो कृश आहे. निरोगी कॉर्न स्नेक कापला तर पावासारखा गोलसर दिसेल, बॉल पायथन किंचित छपराच्या आकाराचा. लठ्ठ सापाला एकदम उपाशी ठेवू नका. खाणं हळूहळू विरळ करायचं, फिरायला-चढायला जागा वाढवायची. अचानक उपासाने आधीच तुपाळलेल्या यकृतावर आणखी ताण येतो.

लांबीवरून वय ओळखता येत नाही, हेही इथेच सांगतो. साप वयात आल्यावरही थोडा थोडा वाढत राहतो आणि वाढीचा वेग खाण्यावर ठरतो. ठासून वाढवलेला दोन वर्षांचा पायथन नीट वाढवलेल्या पाच वर्षांच्याएवढा दिसू शकतो. विकणारा ‘मोठा आहे, म्हणजे पक्का झालाय’ म्हणाला तर अंडं फुटल्याची तारीख आणि खाण्याची वही मागा. वही नसेल तर तिथून घेऊ नका.

दुसरी गोष्ट ऊब. इथे मला स्वतःची चूक सांगायला हवी. इंग्लंडात आल्यावर मी पहिला साप पाळला तो कॉर्न स्नेक, एका दुकानातून. दुकानदाराने हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई दिली, तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट लागत नाही म्हणाला, आणि पशुवैद्य असून मी ते मान्य केलं. तिसऱ्या महिन्यात सापाच्या पोटावर हाताच्या पंजाएवढा लांब पट्टा लाल, मग काळपट, मग ओला. सापाला पोटाखालच्या जास्त गरमीपासून दूर व्हायचं नीट कळत नाही, तो तिथेच पडून भाजत राहतो. सहा महिने मलमपट्टी, चार वेळा कात टाकल्यावर कुठे खवले धड आले. तो वाचला आणि पुढे अठरा वर्षं जगला, पण पोटावरचा तो पट्टा शेवटपर्यंत सुरकुतलेलाच राहिला. तेव्हापासून माझा नियम आहे की थर्मोस्टॅटशिवाय एकही उष्णतेचं साधन लावायचं नाही, आणि दिव्याला किंवा हीटरला जाळी असलीच पाहिजे, कारण साप त्याला वेटोळं घालतो.

तापमान कमी असणं हे भाजण्याइतकंच वाईट, फक्त ते हळूहळू मारतं. गार पेटीत साप खातो पण पचवू शकत नाही, भक्ष्य पोटात कुजतं, तो ओकतो. प्रतिकारशक्ती उबेवर चालते, म्हणून गार सापाला फुप्फुसाचा संसर्ग होतो: तोंड उघडं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकाशी फेस. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६. कॉर्न स्नेकला गरम टोक ३० पर्यंत आणि गार टोक २२ ते २४. दोन्ही टोकांना लपायची अंधारी जागा हवी, नाहीतर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं आणि तो बहुतेक वेळा सुरक्षितता निवडून गारठतो. आर्द्रता कॉर्न स्नेकला साधारण चालते, बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास लागते. इंग्लंडात हिवाळ्यात हीटर चालू झाले की घरातली हवा कोरडी पडते, कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची जुनी झिल्ली अडकते. ती नखाने काढायला जाऊ नका, डोळा जाईल.

पेटी केवढी? साप ताठ पसरू शकेल एवढी तरी लांब. दोन्ही जातींच्या प्रौढांसाठी मी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच यापेक्षा लहान सांगत नाही, साप त्याहून लांब असेल तर पेटीही तेवढी लांब. लहान डब्यात साप सुरक्षित वाटून खातो असं पैदास करणारे सांगतात, आणि पिल्लाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण वीस वर्षं डब्यात गुंडाळलेल्या सापाचे स्नायू विरघळतात, मलावरोध होतो, कणा आखडतो. कॉर्न स्नेक तर झाडावर चढणारा प्राणी. त्याला फांद्या द्या आणि रात्री साडेदहाला दिवे मालवून बसा, मुलाला जे बघायला मिळेल ते कुठल्याही पडद्यावर दिसणार नाही. अतिनील दिव्याबद्दल लोक विचारतात: कॉर्न स्नेकच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व त्याने वाढतं असं दिसलंय, बॉल पायथनमध्ये तसा स्पष्ट फरक आढळला नाही. सौम्य दिवा लावला, सावली ठेवली, तर तोटा नाही. मी लावतो.

रोगांमध्ये दोन-तीन गोष्टी आयुष्य खरोखर तोडतात. बोआ आणि पायथनमधले विषाणूजन्य आजार, यांना बरं करणारं औषध नाही. म्हणून घरात एक साप असताना दुसरा आणला तर त्याला किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यासह ठेवायचं. कॉर्न स्नेकमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी: वारंवार ओकणं, पोटाच्या मधोमध घट्ट फुगवटा, हळूहळू सुकत जाणं. आणि माइट्स, खवल्यांखाली दडणारे खसखशीएवढे काळे किडे, पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेले दिसतात. रक्त पितात, रोग पसरवतात, पण वेळीच ओळखले तर पूर्ण जातात. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात जन्मतःच तोल जाण्याचा दोष असतो, मान वाकडी होते, भक्ष्यावर झेप चुकते. तो दिसायला कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

आणि पहिलं वर्ष. आफ्रिकेतून आणलेल्या पिल्लांपैकी कित्येक प्रवासाचा ताण, परजीवी आणि न खाणं यांतच जातात. इथे जन्मलेलं, किमान पाच-सहा वेळा गोठवलेला उंदीर खाल्लेलं पिल्लू घेतलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. कारण एकदा का साप दोन वर्षांचा झाला, खातोय, कात टाकतोय, की मग तो अतिशय चिवट असतो. बॉल पायथन हिवाळ्यात दोन-तीन महिने खाल्लं नाही तरी, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं नसेल तर, मी मालकांना शांत बसायला सांगतो. तीच गोष्ट कॉर्न स्नेकने केली तर मात्र मी तपासायला बोलावतो.

आता तुमच्या मूळ हिशेबाकडे. नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षं जगतो, तिशी ओलांडलेल्यांचीही नोंद आहे. बॉल पायथन वीस ते तीस सहज, चाळिशी अशक्य नाही. बोआ वीस ते तीस. केनियन सँड बोआ दोन फुटांची, आपल्या मांडुळाच्या नात्यातली, तीही वीसच्या पुढे जाते. वेस्टर्न हॉग्नोज हा दीड-दोन फुटांचा गमतीदार साप पंधराच्या आसपास. गार्टर साप दहाच्या आसपास. त्यांची चाल मुळातच वेगवान. बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथनचा विचारही करू नका. त्यांना खोली लागते, हाताळायला दोन माणसं लागतात, आणि घरगुती जागेत त्यांचं आयुष्य क्वचितच पूर्ण होतं.

म्हणजे मुलगा अठराचा होऊन बाहेरगावी शिकायला जाईल तेव्हा कॉर्न स्नेक सात-आठ वर्षांचा, भर तारुण्यात असेल. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात साप चालत नाही. तेव्हा तो तुमचा होणार. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकताही येत नाही, कागदावरही मालक तुम्हीच. तुम्ही स्वतः दर पंधरा दिवसांनी फ्रीजरमधला उंदीर हातात घेऊ शकता का, हे आधी ठरवा. सासूबाई त्याच घरात असतील आणि फ्रीजर एकच असेल तर त्यांच्याशीही बोला. वेगळा छोटा फ्रीजर घेतला की अर्धे वाद मिटतात, मी बऱ्याच घरांत पाहिलंय. साप हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूमुळे. घरात तान्हं बाळ असेल तर पेटी स्वयंपाकघराच्या आसपास नको.

हे वाचणारे कोणी पुण्या-नाशिकचे असतील तर त्यांच्यासाठी: नाग, धामण, अजगर, मांडूळ असे भारतीय साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे करावी लागते. घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, डब्यात घालून ‘पाळून बघू’ नका. माझं लहानपण सांगली जिल्ह्यात गेलं. नागपंचमीला दारात आणलेले, दात काढलेले, तहानलेले ठेवून दूध पाजलेले नाग मी आठ-नऊ वर्षांचा असताना पाहिलेत. पाणी समजून ते दूध पीत, ते फुप्फुसात जाई, तोंड सुजलेलं असे, आणि काही आठवड्यांत ते मरत. जो साप रानात कैक वर्षं जगला असता तो श्रावण संपायच्या आत संपायचा. पशुवैद्य व्हायचं मी तेव्हा ठरवलं की नाही सांगता येत नाही, पण गारुड्याच्या टोपलीतलं ते सुजलेलं तोंड मी विसरलेलो नाही.

म्हातारपणाबद्दल दोन शब्द, कारण नीट सांभाळलंत तर ते येणारच. पंधरा-सोळा वर्षांनंतर कॉर्न स्नेकमध्ये गाठी, मूत्रपिंडाचे विकार दिसू लागतात. हालचाल मंदावते, चढताना तो घसरतो. फांद्या खाली आणायच्या, उंदीर लहान आणि जरा अंतराने द्यायचा, पाणी ताजं ठेवायचं, वर्षातून एकदा वजन आणि रक्ताची तपासणी. गेल्या महिन्यात एक आजोबा एकोणीस वर्षांचा कॉर्न स्नेक उशीच्या अभ्र्यात घेऊन आले होते. साप मूळचा त्यांच्या नातीचा, ती आता ऑस्ट्रेलियात. एका जुन्या वहीत २००६ पासूनची प्रत्येक तारीख, प्रत्येक उंदीर, प्रत्येक कात. वजन सहाशे दहा ग्रॅम, दहा वर्षं त्यात चाळीस ग्रॅमहून जास्त फरक नाही. मी सापापेक्षा ती वही जास्त वेळ चाळली.

माझा सल्ला विचाराल तर कॉर्न स्नेक, नर, इथेच जन्मलेला, वर्षभराचा, खाण्याची वही असलेला. पण आधी पेटी घ्या, थर्मोस्टॅट लावा, दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेवा आणि पंधरा दिवस रिकामीच चालवा. मुलाला रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आणि रात्री झोपताना चारही आकडे वहीत लिहायला सांगा. गार टोक २४ च्या वर जात नाहीये आणि गरम टोक ३० ओलांडत नाहीये असं सलग दिसलं, आणि मुलाने एकही दिवस चुकवला नाही, तर सोळाव्या दिवशी साप आणायला जा.